मोबाईल नंबर इंटमध्ये का बसत नाही?

जावा या प्रोग्रामिंग भाषेत मोबाईल नंबर इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार) ठेवला तर कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, 'संख्या फार मोठी आहे' म्हणतो, असा मूळ प्रश्न आहे आणि वर 'लाँग (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरा' असं उत्तर आलंय. त्याने एरर जाईल, पण मला तो उपाय पटत नाही.

आधी कारण. जावाचा इंट ३२ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांचा. एक बिट चिन्हासाठी, म्हणून सर्वात मोठी संख्या २१४७४८३६४७. आपले मोबाईल नंबर दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे एकही त्यात मावणार नाही. इथे कंपायलरने अडवलं हे बरंच झालं. चालू प्रोग्राममध्ये त्या कमाल संख्येत १ मिळवलात तर तो काही न बोलता -२१४७४८३६४८ देतो, आणि अशी चूक शोधताना रात्र जाते.

आता लाँग का पटत नाही ते. फोन नंबर संख्या म्हणून ठेवला की सुरुवातीच्या शून्याचा घोळ होतो. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ संख्या म्हणून लिहून छापून बघा, १८ येईल! सुरुवातीला शून्य असलेली पूर्णांक संख्या जावा अष्टमान (८ च्या पायाच्या) पद्धतीत वाचतो: २ गुणिले ८ अधिक २. पुण्याचा ०२० तसाच १६ होतो.

मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, या 'संख्येची' बेरीज-वजाबाकी कधी करणार आहात का? दोन फोन नंबरांची बेरीज कोणी करत नाही. मग ती अंकांची ओळ आहे, व्हेरिएबल स्ट्रिंगच (मजकूर ठेवायचा प्रकार) घ्या. पिनकोड, आधार, खाते क्रमांक, सगळ्यांना हेच लागू.

रकमेची बेरीज-वजाबाकी करावी लागते, तिथे संख्याच हवी; पण डबल (दशांश संख्यांचा प्रकार) नको. ०.१ अधिक ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ मिळतं. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत मोजून लाँगमध्ये ठेवा.