मदत हवी आहे : मुलीचा गुडघा, कबड्डी आणि मुलांसारखाच सराव

नमस्कार. माझी मुलगी आणि मुलगा जुळे आहेत, वय १५. दोघंही शाळेच्या संघातून कबड्डी खेळतात. मुलगा चढाई करतो, मुलगी उजवा कोपरा सांभाळते. मैदान एक, सर एक, घरातलं जेवणही तेच. गुडघा मात्र फक्त मुलीचा दुखतो. जिना उतरताना कळ येते, पकड करून झटकन वळली की लचकतो. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं. लिगामेंट शाबूत आहे, मांडीचे स्नायू बळकट करा, एवढंच म्हणाले.

परवा दोघांना ओट्यावरून उडी मारायला लावून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. मुलाचे गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात आणि तो वाकून उतरतो. मुलीचे पाय टेकले रे टेकले की गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात, आणि ती जवळजवळ ताठच उतरते. वयात आल्यावर मुलींमध्ये हे बरंच दिसतं म्हणे. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉनमुळे उंचीबरोबर स्नायूही भराभर वाढतात. मुलींची उंची वाढते, कंबरेचं हाड रुंदावतं, पण मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद त्या मानाने मागे राहते. फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. माझी खरी धास्ती हीच आहे.

दुसरं, हिमोग्लोबिन. मुलाचं १३.४, मुलीचं १०.६. या वयापासून मुलांसाठी १३ आणि मुलींसाठी १२ ही खालची मर्यादा धरतात, म्हणजे तिचं तिच्या मापानेही कमीच आहे. दर महिन्याला रक्त जातं, त्यात रोजचा दमवणारा सराव. गोळ्या सुरू केल्यात.

सरांशी बोलले तर म्हणाले, "मुलगी म्हणून सूट मागू नका." मला सूट नकोच आहे. तिने मुलाइतकाच घाम गाळावा, फक्त तिच्या शरीराला लागतो तो व्यायाम त्यात असावा. कबड्डीच्या नियमांतसुद्धा पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर आणि महिलांचं १२ बाय ८ आहे. तिथे कुणी सूट म्हणत नाही!

आणखी एक गोष्ट मनाला लागते. मुलाला खरचटलं तरी अख्ख्या मैदानाला कळतं. मुलगी गुडघा धरून गप्प उभी राहते, पाळीच्या दिवसांत पोट दुखत असलं तरी बोलत नाही. हा फरक जन्माचा आहे असं मला वाटत नाही. बोललं की संघातून बसवतात, हे तिने मोठ्या मुलींचं बघितलंय.

फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा साधारण २० मिनिटांचा वॉर्मअप आहे, उडी मारून नीट उतरायला त्यात शिकवतात आणि त्याने दुखापती कमी होतात. तो मातीच्या मैदानावर, कबड्डीच्या मुलींसाठी कुणी वापरलाय का? त्यातले कोणते व्यायाम आधी घ्यावेत? सांगली-कोल्हापूर भागात खेळाडू मुलींसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट माहीत आहेत का? आणि लोहाच्या गोळीने तिला मळमळतं, शाळा आणि सराव सांभाळून ती कधी द्यावी?

इथे कुणी मुलींना शिकवणारे क्रीडाशिक्षक असतील तर सरांना हे कसं पटवून द्यावं तेही सांगा. पुढच्या महिन्यात जिल्हास्तरीय सामने आहेत आणि तिला खेळायचंच आहे.