कॅटाल्पाच्या अळ्या गळाला लावायला: कशा वाढवायच्या, कशा टिकवायच्या?

अटलांटाकर:
नमस्कार मंडळी. नव्या घरामागे कॅटाल्पाचं मोठं झाड आहे. पंजाहून मोठी पानं, लांब लोंबत्या शेंगा. सध्या त्यावर काळ्या-पिवळ्या अळ्यांचा बुजबुजाट झालाय, अर्ध्या फांद्या उघड्या पडल्यात. औषध फवारणार होतो, तर शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन म्हणाले, मारू नकोस, मला दे, ब्रीम (इथले गोड्या पाण्यातले छोटे चपटे मासे) आणि कॅटफिशसाठी याहून चांगलं आमिष नाही. माझे सासरे रत्नागिरीचे, जन्मभर काडू (गांडूळ) लावून गरवलेले, म्हणजे गळाने मासे धरलेले. ते ऑगस्टपर्यंत इथे आहेत. तोवर या अळ्या टिकवता येतील का? हात लावला तर खाज सुटते का? आणि झाड मरणार नाही ना?

ब्रीमवेडा:
फवारू नका, कृपा करा! इथे अमेरिकेच्या दक्षिणेत लोक या एका अळीसाठी हे झाड मुद्दाम लावतात. ही स्फिंक्स पतंगाची अळी. आपल्याकडे तिळावर शेपटीला शिंग असलेली जाड हिरवी अळी येते ना, तिच्याच कुळातली. शिंग टोचत नाही, अंगावर केस नाहीत, त्यामुळे खाजेचं भय नाही. धरली की हिरवा चिकट रस ओकते, तेवढे कपडे जपा. झाड चांगलं वाढलेलं असेल तर सगळी पानं गेली तरी पुन्हा फुटतं.

आता वाढवण्याचं. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका घालते, त्यात शेकडो अंडी असू शकतात, आणि ती साधारण आठवड्यात फुटतात. पिल्लं फिकट असतात, एकाच पानावर गर्दी करून खातात. त्यांना हात लावू नका. दोन इंचांच्या पुढच्या तेवढ्या काढा. पेटीत ठेवायच्या तर वर जाळी हवी आणि रोज कॅटाल्पाचीच ताजी पानं. दुसरं काही खात नाहीत. लेंड्या रोज काढा, ओल राहिली की पटापट मरतात.

पूर्ण वाढलेली अळी तीन इंचांची होते, मग झाडावरून उतरून मातीत दोन-तीन इंच खाली कोष करते. म्हणून बुंध्याभोवतालची माती खणू नका आणि सगळ्या अळ्या ओरबाडू नका. जॉर्जियात उन्हाळ्यात एकाहून जास्त पिढ्या होतात. आज सोडलेल्या अळ्यांमुळेच सासऱ्यांना पुढे पुन्हा आमिष मिळेल.

एखादीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखं पांढरं काही चिकटलेलं दिसेल. ती तिची अंडी नव्हेत. एक बारीक गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडी घालते, तिची पिल्लं आतून खाऊन बाहेर येतात आणि पाठीवर कोष करतात. अशी अळी जगत नाही, पेटीत आणू नका. मी ती झाडावरच राहू देतो. त्या माशीलाही जागा हवी.

टेनेसीची_काकू:
ऑगस्टपर्यंत ठेवायच्या तर फ्रीझर. काचेच्या कोरड्या बरणीत जाडसर मक्याचं पीठ, त्यात जिवंत अळ्या, वर परत पीठ, झाकण घट्ट. पीठ ओल शोषून घेतं, अळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. लहान लहान बरण्या भरा, म्हणजे एका वेळी लागतील तेवढ्याच बाहेर निघतात. इथले जुने गरवणारे शपथेवर सांगतात की वितळल्यावर काही वळवळतात. मला त्याहून मोलाची वाटते ती कातडी. ती चिवट राहते, गळावरून सहज निसटत नाही.

सातेरी_पाळणारा:
मी सातारा जिल्ह्यातून. आमच्याकडे कॅटाल्पा नाही, पण मेणपतंगाची अळी आहे. मधपेटीतल्या जुन्या काळ्या पोळ्यात ती मेण, पराग खात वाढते. खराब झालेलं पोळं काढावंच लागतं, मग त्यातल्या अळ्या गळाला लावतो, चिलापी (तिलापिया मासा) झटकन घेते. वाढवायच्या असतील तर मधपेट्यांपासून लांब, काचेच्या बरणीत, झाकणाला बारीक तारेची जाळी लावून. प्लास्टिकची पिशवी नको, कुरतडून बाहेर येतात.

अटलांटाकर:
सर्वांचे आभार. फवारणी रद्द! सासऱ्यांनी बरण्या धुवायला घेतल्यात. गळाला लावायची कशी?

ब्रीमवेडा:
ब्रीमसाठी छोटा गळ, अळीचा अर्धाच तुकडा. काही जण डोकं काढून काडीने अळी मोज्यासारखी उलटी करतात, आतला रस पाण्यात लवकर उतरतो. कॅटफिशला अख्खी लावा, तळाशी सोडा. आणि सासऱ्यांचं फिशिंग लायसन्स आधी काढा. जॉर्जियात सार्वजनिक पाण्यावर १६ वर्षांपासून पुढे ते लागतं, पाहुण्यांनाही.