प्रति: विंडोज ९८ च्या मशीनला झिप ड्राइव्ह घ्यावा का?
जुन्या मशीनवर फाइली ने-आण करायला झिप ड्राइव्ह (जाड फ्लॉपीसारख्या डिस्का वापरणारा) स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असं वर विचारलंय. मी तरी घेणार नाही. १०० एमबीसाठी जुन्या डिस्का शोधत फिरायचं, आणि ड्राइव्हने टकटक सुरू केली की डिस्कही कामातून गेली. त्यापेक्षा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यांत असायचं ते मेमरी कार्ड) आणि आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) अडॅप्टर बघा. कार्डात आयडीईची सोय मुळातच असते, त्यामुळे बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) ते कार्ड म्हणजे साधी हार्ड डिस्कच वाटते. ड्रायव्हरची भानगड नाही. (९८ ला पेन ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तो आत न्यायचा कशातून?) डॉस ६.२२ मध्येही (मायक्रोसॉफ्टची जुनी, कमांडवर चालणारी प्रणाली) कार्ड वाचायचं असेल तर पार्टिशन (कार्डावरचा विभाग) २ जीबीच्या आत, फॅट१६ (फाइली मांडायची जुनी पद्धत) ठेवा. मशीन चालू असताना मात्र कार्ड उपसू नका. आणि अडॅप्टर मागच्या पट्टीवर बसणारा, कार्ड बाहेरून घालता येईल असा घ्या, नाहीतर दर वेळी कॅबिनेट उघडत बसाल.