हुरडा पार्टीत स्ट्राँगवाल्या दोस्तांना क्राफ्ट बिअर चाखवायचीय, काय काय आणू?

जुळेसोलापूरकर
मंडळी एक सल्ला पाहिजे. सोलापूरची गड्डा यात्रा संपली की आमची शाळेतली गँग मंगळवेढ्याकडं एकाच्या शेतात हुरड्याला जमणारे, आठ-नऊ जण, सगळे चाळिशीच्या आसपासचे. मी पुण्यात असतो, तिकडं क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरींची व्हीट बिअर (गव्हाची), आयपीए (इंडिया पेल एल, चांगली कडू) असलं प्यायची सवय लागली आणि आता स्ट्राँग घशाखाली उतरत नाही. बाकीचे सगळे पक्के स्ट्राँगवाले. गावाकडं आलो की ठरलेला डायलॉग, "ते तुझं सरबत तूच पी बे, दोन डबे पिऊन पण माणूस सरळ चाललाय". मला कुणाला सुधरवायचं वगैरे नाहीये. एकदा सगळ्यांनी मिळून चार-पाच वेगळ्या बिअर थोड्या थोड्या चाखाव्यात, आणि ज्याला जी आवडेल ती पुढच्या खेपेला त्याच्यासाठी घेऊन यावी एवढाच विचार आहे.

तर कुठल्या आणू, आधी कुठली उघडायची, हुरडा आणि शेंगाचटणीबरोबर काय जमतं, आणि शेतात फ्रिज नाही त्याचं काय करू? माझ्या डोक्यात आयपीएपासून सुरुवात करायचं आहे, कारण मला स्वतःला तीच आवडते आणि हे प्रकरण वेगळं आहे ते पहिल्या घोटातच कळतं.

होटगीरोडचा_हॉप
आयपीएपासून अजिबात नको, तिथंच पार्टीचा बाजार उठेल.

लोकांना वाटतं स्ट्राँग पिणारा म्हणजे काहीही पचवेल, पण स्ट्राँग कडू नसतेच मुळी. आपल्याकडची स्ट्राँग म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली लागर (आपल्याकडं सगळीकडं मिळते ती नेहमीची बिअर), त्यात बार्लीच्या जोडीला तांदूळ, मका नाहीतर साखर, आणि हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) अगदी बेताचे. त्यामुळं चव गोडसर, जड, आणि शेवटी दारूचा चटका. तुझ्या दोस्तांची जीभ ह्या गोडाला सरावलेली आहे. तिला एकदम साठ आयबीयूची आयपीए दिलीस (आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप, साध्या लागरीत ते दहा-पंधराच्या आसपास असतं) तर पाडव्याला कडुलिंब चावल्यावर पोरं करतात तसलं तोंड करतील आणि पुढच्या चार बिअरींकडं बघणार पण नाहीत.

म्हणून त्यांच्या जिभेला जे ओळखीचं आहे तिथनं निघायचं. पहिली बेल्जियन विट, म्हणजे तिकडची व्हीट बिअर. ह्यात गहू असतो, आणि मसाल्याला चक्क धने आणि संत्र्याची साल. धने म्हटल्यावर आपल्या माणसाला परकं वाटायचं कारणच नाही. ही बिअर बेल्जियममध्ये जवळपास नामशेष झाली होती, होगार्डन गावात पियर सेलिस नावाच्या एका दूधवाल्यानं १९६६ मध्ये परत चालू केली, हा किस्सा ओतता ओतता सांग, लोक आवडीनं ऐकतात. ब्रँड म्हणशील तर होगार्डन मोठ्या दुकानात असते, बिरा व्हाइट मिळाली तर बघ, सिम्बाची विट दिसली तर ती पण घे.

दुसरी जर्मन हेफेवायझेन, ही पण गव्हाचीच. हिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो पण त्यात केळं पण नाही आणि लवंग पण नाही, तो सगळा यीस्टचा खेळ आहे. आधी काही सांगू नको, वास घ्यायला लाव आणि विचार कसला वास येतोय. कुणीतरी केळं म्हणतोच, आणि मग तासभर त्यावरनं वाद चालतो. बाटली असेल तर तळाशी थोडी राहिली की गोल हलवून ते यीस्ट पण ओतायचं, गढूळ दिसते म्हणून टाकून देऊ नका.

आयपीए चौथ्या नंबरला, तिसऱ्याला मध्ये एखादी तांबूस अंबर एल किंवा ब्राउन एल मिळाली तर फारच बरं. आणि शेवटी काळीकुट्ट स्टाउट. स्टाउट बघून सगळे म्हणतील ही लय कडक असणार, तेव्हा त्यांना सांग की गिनीस ह्या प्रसिद्ध आयरिश स्टाउटच्या ड्राफ्टमध्ये ४.२ टक्केच असतं, म्हणजे त्यांच्या स्ट्राँगच्या निम्मं. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, दारूचा नाही. कॉफीसारखी चव लागते ती पण त्या भाजण्यातनं येते.

एकेकाला नव्वद-शंभर मिली पुरे, म्हणजे एक अर्ध्या लिटरचा डबा पाच जणांत जातो. पूर्ण ग्लास भरून दिलास तर तिसऱ्या बिअरनंतर कुणाची जीभ काही सांगायच्या अवस्थेत नसेल.

काय_बे_लका
हॉपभाऊ एवढं वाचून इथंच तहान लागली. पण स्ट्राँगवाल्यांच्या बाजूनं एक बोलू का? आम्ही काय चवीला अडाणी म्हणून स्ट्राँग पीत नाही. तुमच्या एका क्राफ्टच्या डब्याच्या पैशात आमच्याकडं स्ट्राँग येते आणि वर चखना पण येतो. दुसरं म्हणजे एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या वर असतो, कारखान्यातनं सुटलेल्या माणसाला धन्याचा वास घेत बसायचं नसतं, त्याला दात कळकळतील असं गार काहीतरी पाहिजे असतं.

आता आयडिया ऐका. सगळ्या बिअर पेपरात गुंडाळा, वर क, ख, ग लिहा, आणि त्यात एक त्यांची नेहमीची स्ट्राँग पण गुपचूप घाला. पण ती त्यांच्या सवयीएवढी चिल्ड नको, बाकीच्यांएवढीच गार ठेवा. सगळ्यांनी आपापल्या मनानं नंबर लावायचे आणि पेपर शेवटी फाडायचा. स्ट्राँग पहिली आली तर तुम्ही आयुष्यभर गप बसायचं. आणि शेवटची आली तर तुमच्या दोस्तांची तोंडं बघायला मला बोलवा.

गंमत सोडून एक, परत गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा. हायवेला रात्री तपासणी असते, शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की केस, पहिल्या वेळेला दहा हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. सरळ शेतातच मुक्काम टाका.

शेंगाचटणी_झिंदाबाद
दादा, खाण्याचं मी सांगते, कारण इथं सगळे बिअरचंच बोलतायत. आमच्याकडं नवरा आणि दीर दोघं हे चाखायचं खूळ करतात आणि ताटात काय ठेवायचं ते माझ्याकडं असतं, मी पण चाखतेच.

आपली शेंगाचटणी तिखट आणि तेलकट, लसूण भरपूर. तिच्याबरोबर आयपीए दिली की तोंडात आग पेटते. कडूपणा, फसफस आणि अल्कोहोल तिन्ही मिळून तिखट वाढवतात. चटणीला व्हीट बिअर बेस्ट, थोडी गोडसर असते आणि कडू जवळजवळ नाही. हुरड्याला पण तीच. आरावरच्या कोवळ्या कणसाला जो गोड धुरकट वास असतो ना, गूळभेंडी किंवा कुचकुची ह्या हुरड्याच्या जाती असतील तर जास्तच, तो आयपीएच्या वासाखाली पार दबून जातो.

आयपीए काढाल तेव्हा चटणी बाजूला सारा आणि खारं-तळलेलं काहीतरी ठेवा. कांदाभजी, नाहीतर सोलापूरच्या पार्क चौकातनं डिस्को भजी बांधून नेलीत तरी चालेल, गार झाली तरी लोक खातात. तळणीच्या तेलाला तो कडूपणा छान कापतो. स्टाउटबरोबर मटणाचं सुकं आणि कडक भाकरी, आणि ते झाल्यावर त्याच स्टाउटबरोबर गुळाची शेंगदाणा चिक्की देऊन बघा. माझ्या जावेला बिअरचा वास सहन होत नाही ती पण चिक्कीबरोबर अर्धा ग्लास प्यायली.

दोन बिअरींच्या मध्ये पाणी आणि कडक भाकरीचा नुसता तुकडा, चटणी न लावता. आणि दही लांब ठेवा, ते जिभेवर बसतं आणि पुढच्या बिअरचं काही कळत नाही. ते जेवताना घ्या.

जुळेसोलापूरकर
वा वा, ताई चिक्कीचं डोक्यात पण आलं नव्हतं. आणि लका, पेपर गुंडाळायची आयडिया पक्की, फक्त हरलो तर गप बसायचं ते जमेल का माहीत नाही.

आता हे सांगा, सोलापुरातल्या बिअर शॉपीत घेऊ की पुण्यातनं आणू? आणि बर्फाचं?

सातरस्ता_चिल्ड
विट आणि लागर टाइप सोलापुरात घ्या, आयपीए पुण्यातनं आणा. कारण सांगतो. हॉप्सचा वास फार नाजूक, डबा भरल्यापासून दोन-तीन महिन्यांत उडायला लागतो, आणि उष्णतेत तर फारच लवकर. आपल्याकडं स्ट्राँगचा माल आठवड्यात संपतो पण आयपीएचे डबे रॅकवर बसून असतात, आणि त्यांनी आपला उन्हाळा बघितला असेल तर आत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. मला एका शॉपीत आठ महिने जुना डबा दिला होता वर सांगितलं "साहेब बिअर खराब होत नसते". म्हणून कुठंही घ्या, डब्याच्या बुडाची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाटलीपेक्षा डबा बरा. हॉप्सवर उजेड पडला की घाण वास सुटतो, तपकिरी बाटली तो बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी बाटली जवळजवळ नाहीच. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेली हिरवी बाटली तर फुकट दिली तरी घेऊ नका.

पुण्यात मायक्रोब्रुअरीतनं (जागेवरच बिअर बनवणारं हॉटेल) ताजी न्यायचा मोह होईल. डूलालीनं २००९ मध्ये पुण्यात सुरुवात केली त्यानंतर तिकडं बऱ्याच झाल्या, बिअर खरंच भारी असते. पण ती भरून नेली तर सतत गार पाहिजे, दोन-तीन दिवसांत संपवायची आणि एकदा उघडली की त्याच दिवशी. अडीचशे किलोमीटर गाडीच्या डिकीत नेऊन दुसऱ्या दिवशी शेतात उघडणार असाल तर डबेच बरे. बिलं जवळ ठेवा. आणि कुणी मित्र गोव्याहून स्वस्तात आणतो म्हणाला तर नाही म्हणा, त्यावर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलंच असतं, उगाच उत्पादन शुल्कवाल्यांचं लफडं.

बर्फाचं सोपं आहे. मोठं घमेलं किंवा थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी आणि दोन-तीन मुठी खडं मीठ. नुसत्या बर्फात डबा तासभर ठेवाल त्यापेक्षा ह्यात वीसेक मिनिटांत जास्त गार होतो. विसरू नका मात्र, फार वेळ राहिला तर आत गोठतो. विट थेट त्यातनं काढून द्या. आयपीए पाच-दहा मिनिटं आधी काढा. स्टाउट अर्धा तास आधीच काढून ठेवा, ती दहा-बारा डिग्रीला खरी लागते, दात कळकळेपर्यंत गार केली तर पाण्यासारखी.

मालदांडी
धाग्यात आडवा घुसतोय माफ करा पण मंगळवेढ्याच्या शेतात बसून तुम्ही बार्ली आणि गव्हाच्याच गोष्टी करणार का? आजूबाजूला सगळी ज्वारी उभी असणार, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली, आणि तिची बिअर होत नाही असं थोडंच आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या करतात. नायजेरियात तर १९८० च्या दशकात बार्लीच्या आयातीवर बंदी आली तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी ज्वारीवर लागर काढली, गिनीससुद्धा तिकडं ज्वारी वापरून बनली.

अवघड आहे हे खरं. ज्वारीच्या माल्टमध्ये पिष्टाची साखर करणारी एन्झाइम बार्लीपेक्षा कमी असतात म्हणून वरनं घालावी लागतात, पिष्ट फुटायला तापमान पण जास्त लागतं, आणि बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं ते ज्वारीला नसतं, सगळा लगदा बसतो. पण नुसत्या ज्वारीची केली तर ग्लूटेन नाही. आपल्या मोहोळला निवडलेली एम ३५-१ मालदांडी ज्वारी महाराष्ट्र-कर्नाटकात सगळीकडं पेरतात, तिची भाकरी सगळे खातात, आणि सोलापूरचा माणूस बिअर प्यायची तर बेल्जियमच्या गव्हाची पितो. पुण्यातल्या एखाद्या ब्रुअरीवाल्यानं हुरड्याच्या सीझनला एक बॅच काढून बघावी, पहिला ग्राहक मी.

काय_बे_लका
मालदांडीची बिअर निघाली तर ती पण स्ट्राँगच काढा म्हणावं.

होटगीरोडचा_हॉप
मालदांडी, मुद्दा शंभर टक्के पटला. अर्धी ज्वारी अर्धी बार्ली घेतली तर गाळणीचा प्रश्न बराचसा सुटेल, ग्लूटेनवाला फायदा जाईल एवढंच.

जुळेसोलापूरकर, एक राहिलं. ग्लास काचेचे ने, जाड चहाचे चालतील पण स्टीलचे नको, रंग आणि फेस दिसला पाहिजे. आणि शेतावर ते भांड्याच्या साबणानं धुऊन नीट खळबळले नाहीत, नाहीतर मटणाचा तेलकट हात लागला, की फेस लगेच बसतो आणि लोक म्हणतात बिअर शिळी आहे. दोन बादल्या स्वच्छ पाणी फक्त ग्लासांसाठी बाजूला ठेव. आणि कुणाला काय आवडलं ते जेवायच्या आधीच लिहून घे, नंतर विचारशील तर सगळे म्हणतील सगळ्याच चांगल्या होत्या.

जुळेसोलापूरकर
ओके फायनल. सगळ्या पेपरात गुंडाळून: विट, हेफेवायझेन, गुपचूप स्ट्राँग, मग आयपीए, मग स्टाउट आणि चिक्की. अंबर पुण्यात मिळाली तर ती पण घुसवतो. मुक्काम शेतातच, गाद्या आणि सोलापुरी चादरी भरपूर आहेत. नंबर कसे लागले ते इथं टाकतो, लका हसला तरी चालेल.