मदत हवी आहे : नव्या जीआर यारिसमध्ये मॅन्युअल घ्यावा की ऑटोमॅटिक?

सप्रेम नमस्कार.

टोयोटाच्या जीआर यारिस या छोट्या स्पोर्ट्स कारच्या २०२४ मधील सुधारित आवृत्तीविषयी जाणकारांचे मत हवे आहे. युरोपीय आवृत्तीत १.६ लिटरच्या तीन सिलिंडर टर्बो इंजिनाची ताकद २६१ वरून २८० अश्वशक्तीवर आणि टॉर्क (चाके फिरवणारा जोर) ३६० वरून ३९० न्यूटन-मीटरवर गेला, याचा आनंद आहेच. मात्र मला त्याहून मोलाचा वाटतो तो चालकाच्या जागेतील बदल : आसन २५ मिलिमीटर खाली आले, डॅशबोर्ड चालकाकडे १५ अंशांनी वळला आणि आतला आरसा काचेच्या वरच्या कडेला सरकल्याने वळणावर समोरचे अधिक मोकळे दिसते.

माझी अडचण गिअरबॉक्सची आहे. नवा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवरील पायाची हालचाल ओळखून वळणाआधीच खालचा गिअर टाकतो; तरीही सहा गिअरच्या मॅन्युअलमधला क्लच आणि हातात येणारा लिव्हर सोडायला मन तयार होत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर सलग फेऱ्या मारताना, गिअरबॉक्सचे तेल तापल्यावर, ऑटोमॅटिक तितक्याच तत्परतेने गिअर बदलतो का?

आणखी एक शंका आहे. ट्रॅक मोडमध्ये, म्हणजे ट्रॅकवर चालवण्यासाठीच्या सेटिंगमध्ये, पुढील-मागील चाकांतील टॉर्कची विभागणी पूर्वी ५०:५० अशी स्थिर होती, ती आता ६०:४० ते ३०:७० अशी बदलती झाली आहे. ज्यांनी दोन्ही आवृत्त्या चालवल्या आहेत, त्यांना वळणातून बाहेर पडताना हा फरक स्टिअरिंगवर स्पष्ट जाणवला का, हे कृपया सविस्तर लिहावे.