पाला जाळायचा की नाही? सांगलीकरांनो, अनुभव लिहा

माघ-फाल्गुन आला की आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत सकाळी सातलाच धूर. पिंपळ, बदाम, रेन ट्री सगळे मिळून अंग झाडतात. परवा सोसायटीच्या ग्रूपवर 'पाला जाळण्यावर बंदी आणा' असा मेसेज आला आणि दोन तट पडले. बंदी खरं तर आहेच. 2016 च्या घनकचरा नियमांपासून रस्त्यावर, सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई आहे. त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादाने 5,000 रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीतही आपली सांगली आहे. मग भांडतोय कशावर? मतं नकोत, घडलेलं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. बाबांना दमा. गेल्या शिवरात्रीच्या सुमारास पहाटे खाली ढीग पेटवला. दवाने ओला पाला, पेटेना, नुसता धुमसत राहिला. बाबा खाटेवर उठून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत. पंप दोनदा दिला. मी तावातावाने खाली उतरले, तर झाडणाऱ्या मावशी उभ्या. म्हणाल्या, "ताई, गाडी पाला घेत न्हाई. ढीग दिसला की मुकादम माझ्यावर वराडतोय. कुठं न्हेऊ मी?" मी तशीच वर आले.

मिरजकर : आमच्याकडे बुंध्याशीच ढीग लावून पेटवतात. दारातल्या रेन ट्रीची एका बाजूची साल भाजून फुटली, आता त्या बाजूला पालवीच येत नाही. आणि निव्वळ पाला कुठे असतो हो? काठीने उसकून बघा : गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, एकदा तर चप्पल.

खोडवा : शहरातली भांडणं वाचून हसू आलं. आमच्या वाळव्याकडं ऊस गेला की एकरी तीन-चार टन पाचट पडतंय. काडी लावली की खोडवा, म्हंजे तोडलेल्या बुडख्यातनं परत येणारा ऊस, जोरात फुटतो, असं आमचं आण्णा म्हणायचं. मी चार वर्षं झाली जाळत न्हाई. पाचट सरीत दाबायचं, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवायचं कल्चर. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबते, हे खरं. पण पहिल्या साली उंदरांनी वैताग आणला आणि पाणी सरीत पुढं सरकंना. भावकी बांधावर उभी राहून हसत हुती. हे बी लिवा की कुणीतरी, नुसतं गोड गोड सांगू नका.

जावळीची लेक : माझ्या माहेरी पाला जाळणं म्हणजे राब भाजणं. रोपं टाकायच्या जागेवर शेण, कवळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), पालापाचोळा अंथरायचा, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग. भाजलेल्या मातीत तण मरतं, भाताचं, नाचणीचं रोप जोमदार येतं. आजी दिवसभर हिरवा डहाळा हातात घेऊन राखण करायची, ठिणगी रानात जाऊ नये म्हणून. तेव्हा 'अडाणी लोक जाळतात' असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं. इथे सांगलीत मात्र राख गटारात जाते.

ओढ्याकाठी : मी जाळतो, स्पष्ट लिहितो. घरामागे ओढा. दोन वर्षांपूर्वी खतासाठी म्हणून कोपऱ्यात पाला साठवला, त्यातून घोणस निघाली, धाकटी तिथेच खेळत होती. 'खत करा' म्हणणारे बहुतेक तिसऱ्या मजल्यावर राहतात.

पिंजरावाला : मी दुसऱ्या मजल्यावर, आणि खत करतो! (घोणशीचं मात्र खरंच. ढीग उघडा जमिनीवर नको, भिंतीपासून लांब, बारीक जाळीच्या पिंजऱ्यात हवा.) पहिल्या वर्षी आमचाही फज्जा उडाला. नुसती आंब्याची पानं कोंबली, सहा महिन्यांनी तशीच कडकडीत, वर वाळवी. पाल्याला एकट्याला कुजायला नत्र पुरत नाही. आता पाला पायाने चुरडतो, वीतभर थरावर शेणकाला, त्यात आंबट ताक आणि गूळ. ओल इतकीच की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, थेंब गळू नये. आठवड्याने हात घाला, आत चांगलं गरम लागतं. गुलमोहोर चार महिन्यांत काळा होतो. आंबा, सागवान वर्षभर छळतात. ते वेगळे ठेवा.

धागाकर्ती : आज मावशींशी निवांत बोलले. पोती दिली तर पाला भरून पिंजऱ्यापर्यंत नेईन म्हणाल्या, पण त्याचे वेगळे पैसे. बरोबरच आहे. महिन्याला घरटी किती, असं ग्रूपवर विचारलं, तर कालपर्यंत बंदीसाठी भांडणारे सगळे एकदम गप्प. तोवर मार्केट यार्डातून हळदीची 20 रिकामी बारदानं आणलीत. झटकून घेतली तरी हात पिवळेच.