बागुलबुवा चालेल, झोळीवाला नको

दगडफूल
मुलांना भीती घालायला आपल्याकडे दोन तऱ्हेची मंडळी कामाला लावतात. एक निव्वळ काल्पनिक: बागुलबुवा, बाऊ, बुवा. त्यांना ना रंग, ना चेहरा. दुसरी हाडामांसाची: "गोसावी झोळीत घालून नेईल", "भंगारवाल्याला देऊन टाकीन", "पोलीस धरतील". पहिल्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण दुसरा प्रकार बंद व्हायलाच हवा. बागुलबुवा कधी दारात येत नाही. झोळीवाला येतो, आणि आपण त्याच्याबद्दल काय पेरून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती.

सातबारा
हे फार ताणलंय. अफवा पसरली मोबाइलवरून, त्याचं खापर आजीच्या डोक्यावर का? पोत्यात घालून मुलं नेणारा माणूस स्पेनमध्ये आहे, ब्राझीलमध्येही आहे. तिथल्या आयाही पिढ्यान्‌पिढ्या तेच सांगत आल्या. त्यावरून कोणी माणसं मारत सुटल्याचं मी तरी ऐकलं नाही. राईनपाड्याचा दोष जमावाचा आणि कायद्याचा धाक नसण्याचा.

दगडफूल
अफवा मोबाइलवरून आली हे खरंच. पण ती इतक्या पटकन पटली कशी? इस्त्रीचे कपडे घालून गाडीतून उतरणाऱ्याला कोणी पोरं पळवणारा म्हणत नाही. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींपैकी कित्येकांवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदा गेला, संशय मात्र गेला नाही. तो टिकतो कुठे? घरातच, जेवण भरवताना.

रानजाई
मला तर बागुलबुवाही नको. माझा भाचा चार वर्षांचा आहे. रात्री पलंगाजवळ चालत जात नाही, लांबूनच उडी मारतो, कारण खाली बागुलबुवा पाय ओढतो असं त्याला कोणीतरी सांगितलंय. या वयात खरं काय आणि कल्पनेतलं काय, हे मुलांना नीट वेगळं करता येत नाही. आणि वरणभात संपवण्याशी बागुलबुवाचा संबंध काय? मोठ्यांना घाई असते, एवढंच.

पाणवठा
सगळी भुतं एका मापाने मोजू नका. गिऱ्हा पाण्यात राहतो, मुंजा पिंपळावर, चकवा रानात वाट चुकवतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली. तिन्हीसांजेला डोहाकडे जाऊ नको, हे पोराला गिऱ्ह्याने सांगितलं तर तो ऐकतो. चकव्याचं तर बघाच: चकवा लागला तर पळू नये, एका जागी बसावं, उजाडलं की वाट सापडते. रानात वाट चुकलेल्याला आजही याहून चांगला सल्ला देता येणार नाही. "जेव, नाहीतर बुवा येईल" यात असं काहीच नाही, ती नुसती धमकी आहे.

रानजाई
चकव्याचा सल्ला चांगलाच आहे, पण तो चकव्याशिवायही देता येतो. "डोह खोल आहे, बुडशील" हे चार वर्षांच्या पोराला हात धरून, काठावर नेऊन दाखवता येतं. गिऱ्ह्याला घाबरलेलं मूल पुढे पोहायला शिकायलाही तयार होत नाही.

सातबारा
पोहण्याचं पटलं. पण भंगारवाल्याचं नाव घेतल्याने पोरगं दंगलखोर होतं, हे मला अजूनही मान्य नाही. आम्ही सगळे तेच ऐकत वाढलो.

दगडफूल
दंगलखोर होतं असं मी म्हटलेलंच नाही. जमाव जमतो तेव्हा मधे पडणारं कोणी उरत नाही, असं म्हणतेय. आणि "आम्ही सगळे" यात डवरी गोसाव्याचं पोर धरलंय का? शाळेत शेजारी बसलेल्या मुलाला घरी सांगितलंय की याचा बाप पोरं नेतो. ते पोर रोज हे घेऊन वर्गात बसतं. माझ्या घरात कोणी पाहुण्याने असं म्हटलं, तर मी मुलांसमोरच थांबवते. वाईट दिसलं तरी चालेल.